दारातला विलायती झेंडू

चांदगव्हाणची ग्रामपंचायत म्हणजे काय चीज आहे हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी आधी तिची कमान बघावी. राहात्याहून निघालात की रस्त्याला लागूनच आहे. कमानीवर पिवळ्याधमक रंगात लिहिलंय, 'नशामुक्त गाव चांदगव्हाण आपले स्वागत करीत आहे'. कमानीच्या उजव्या खांबाला सरपंच बजरंगरावांच्या मेव्हण्याचं परमिट रूम टेकलंय आणि डाव्या खांबाला पानटपरी. राज्यात बंदी असलेला गुटखा त्या टपरीवर मागितला, तर टपरीवाला आधी दोन्ही बाजूंना बघतो आणि मग देतो. ग्रामपंचायतीच्या सदस्यांना मागायचीही गरज पडत नाही, त्यांचं तो न मागता पुढं करतो.

असल्या गावात शॅरनला चटणीचा धंदा करायचा होता. तोही भांगेच्या बियांच्या चटणीचा. आता सांगा, तिची अक्कल काय गहाण पडली होती?

नव्हती पडली. शॅरन ही शांतवन गुरुजींची सून. नवरा जोएल लष्करात ड्रायव्हर. त्याची बदली उत्तराखंडात, पिथौरागडला झाली तेव्हा ती बरोबर गेली होती. तिथं शेजारच्या बाया भांगेचं बी तव्यावर भाजायच्या, हिरवी मिरची, मीठ, लिंबू घालून वाटायच्या आणि भाकरीबरोबर खायच्या. पोरंटोरं खायची, म्हाताऱ्या खायच्या. नशा येते ती त्या झाडाच्या पानाफुलांनी, भाजल्या बियांत नशा कुठली? तिळाइतकंच ते गरीब. शॅरनला ती चटणी फार आवडली. पुढं पोरीच्या, आराधनाच्या, शाळेसाठी आणि गुरुजींचे डोळे अधू झाले म्हणून ती गावी परतली, आणि घरी चटणी करून बघितली. पुण्याच्या एका दुकानानं चव घेतली आणि दरमहा माल द्या म्हणून सांगितलं. अन्न खात्याचा परवाना तिनं रीतसर काढला. बिया उत्तराखंडाहून सीलबंद पाकिटांत यायच्या. राहिलं होतं एकच, दळायच्या मशीनला थ्री-फेज वीज. तिच्यासाठी ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला लागत होता.

तो दाखला मागायला ती गेली आणि बजरंगरावांचं नशीब उघडलं.

त्याचं असं झालं होतं, की तालुक्यात नशामुक्त गावाला पुरस्कार मिळणार होता. बजरंगरावांना तो हवा होता. पण नशेविरुद्ध लढायचं तर कुणाशी लढायचं? दारूवाला मेव्हणा, टपरीवाला चुलता, मटक्यावर बसणारा व्याही. सगळा मामला घरातलाच. अशा अडचणीच्या वेळी ही बाई स्वतःच्या पायांनी आली आणि अर्जात स्वतःच्या अक्षरात 'भांग' लिहून गेली. बजरंगराव खुर्चीतल्या खुर्चीत दोन बोटं वर उचलले गेले म्हणतात.

मे महिन्याच्या ग्रामसभेत त्यांनी शॅरननं अर्जाला जोडलेलं बियांचं पाकीट हातात धरून सभेला दाखवलं. पाकिटावर त्या झाडाचं हिरवं पान छापलेलं होतं. सभेनं ते नीट बघितलं. बजरंगरावांनी मात्र पाकीट लोकांकडं तोंड करून धरलेलं, त्यामुळं त्यांना फक्त मागची बाजू दिसली. ही गोष्ट लक्षात ठेवा. या माणसाला ऊस आणि प्लॉट सोडून जमिनीवरचं तिसरं काही ओळखू येत नाही, आणि तरी तो वनस्पतींवर तासभर बोलला. ठराव झाला. गावाच्या हद्दीत भांग, गांजा आणि त्या जातीचं कोणतंही झाड, पान, बी, तेल, चटणी यांना बंदी. ज्याच्या दारात असं झाड सापडेल त्याचं नळकनेक्शन तोडायचं, आणि तो पंचायतीचा पदाधिकारी असेल तर त्यानं पद सोडायचं. हे शेवटचं कलम त्यांनी उपसरपंच सहादेवचा काटा काढायला घातलं होतं, कारण सहादेवचा भाऊ उसात काय लावतो याबद्दल गावात कुजबुज होती.

शॅरन उभी राहिली. परवाना दाखवला, बियांचं सगळं समजावून सांगितलं. बजरंगराव हसले आणि माइकवर म्हणाले, "भल्या घरच्या बाईला गांज्याचं झाड वळखू बी येत न्हाई. आन् हिनं तर पाकिटं आनलीत."

सभा हसली. टाळ्याही पडल्या. तंबाखू मळायला गुंतलेले तेवढे हात सोडून बाकी सगळे वाजले.

त्या दिवसापासून शॅरनचं नाव गांजावाली पडलं. दुधवाला म्हणू लागला, वाणी म्हणू लागला. चर्चमधल्या बाया आधी तिची चटणी वाटी घेऊन मागायला यायच्या, त्या आता उपासना सुटली की लगबगीनं चपला शोधायच्या. एकदा आराधना शाळेतून आली आणि दप्तरही न उतरवता तिनं विचारलं, "मम्मी, आपन गांजा विकतो का?" शॅरनला त्या वेळी सगळ्या गावाच्या थोबाडीत मारावीशी वाटली. तिला दाखला पाहिजे होताच, पण त्याहून जास्त पाहिजे होतं ते हे, की ज्या सभेत नाव पडलं त्याच सभेत ते पुसलं जावं.

इकडं बजरंगरावांनी नशामुक्ती समिती काढली. अध्यक्ष कोण, तर पुतण्या बन्सी. या बन्सीला वयाच्या सोळाव्या वर्षापासून गावानं सरळ चालताना फक्त सकाळी बघितलेलं. समितीनं कामाला सुरुवात केली आणि कमानीपाशी एका ट्रकवाल्याकडून गांज्याची भली मोठी पुडी पकडली. पंचायतीपुढं तिची होळी केली, फोटो काढले, व्हॉट्सॲपवर टाकले. जळाला तो लिंबाचा वाळका पाला. पुडी समितीच्या बैठकीत गेली. बैठक पंचायतीच्या मागं, गळक्या पाण्याच्या टाकीच्या आडोशाला भरायची. गांजा ओढायच्या आधी त्यातलं बी वेचून टाकावं लागतं, नाहीतर ते चिलमीत तडतडतं. समितीनं बी वेचलं आणि टाकीखालच्या ओल्या मातीत भिरकावलं. गावात गांज्याची लागवड झाली ती अशी, पंचायतीच्या जागेत, पंचायतीच्या पाण्यावर आणि नशामुक्ती समितीच्या हातून.

आता गुरुजींकडं येऊ. शांतवन गुरुजी निवृत्त शिक्षक, चर्चचे पंच. आयुष्यात चहासुद्धा दोनदा विचारून पिणारा माणूस. त्यांना नाद फक्त कुंड्यांचा. पेन्शनच्या कामाला पंचायतीत गेले असताना त्यांना टाकीखाली कातरलेल्या पानांचं एक तरतरीत रोप दिसलं. जाड भिंगाच्या चष्म्यातून त्यांनी ते निरखलं आणि ठरवून टाकलं, की हा विलायती झेंडू आहे. पानं तशीच असतात म्हणा झेंडूची, दुरून बघितली तर. त्यांनी रोप अलगद काढलं, चर्चच्या आवारातल्या खोलीमागं कुंडीत लावलं, शेणखत घातलं, झेंडूसारखेच शेंडे खुडले. ते वेडं असं फुटलं की विचारू नका. घरी त्यांनी कुणाला सांगितलं नाही. कापणीच्या सणाला सगळ्यांना चकित करायचं होतं.

कापणीचा सण म्हणजे आमच्याकडच्या चर्चचा मोठा दिवस. ज्यानं जे पिकवलं त्यातलं पहिलं देवाला आणायचं. वेदीपुढं बाजरीची कणसं, मक्याची ताटं, भोपळे, पेरू, कांद्याच्या माळा, पाय बांधलेल्या कोंबड्या असा ढीग लागतो. उपासना झाली की त्याचा लिलाव. या लिलावात भाव बघायचा नसतो. दोन लिंबांना कुणी पाचशे देतो, त्यात देवाचं काम असतं आणि थोडी स्वतःची मिशीही असते. निवडणूक जवळ असली की पुढारी येतात आणि ख्रिस्ती मतांच्या हिशेबानं भोपळे घेऊन जातात. त्या वर्षी बजरंगराव आले होते, पहिल्या बाकावर, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत.

लिलाव पुकारायला मंडळीतला इमॅन्युएल होता. अर्धाअधिक ढीग संपला आणि गुरुजी मागच्या दारानं कुंडी छातीशी धरून आले. छातीइतकं उंच, भरगच्च, हिरवंगार झाड. सगळ्या चर्चनं आ वासला. कोथिंबीर, कांदे आणि पिकल्या पेरूंच्या वासात त्याचा वास मिसळून गेला. मागच्या बाकावरचे दोघंतिघं तेवढे एकदम ताठ झाले आणि नाक वर करून हुंगायला लागले.

शॅरननं ते बघितलं आणि लगेच ओळखलं. पिथौरागडला प्रत्येक बांधावर बघितलेलं झाड होतं ते. तोंड उघडावं तर सासऱ्याला बेड्या. शिवाय कोण विश्वास ठेवणार होतं, की गांजावालीच्या घरातून आलेली कुंडी चुकून आलीय? गुरुजी तर वेदीपाशी उभे राहून लहान पोरासारखे हसत होते. झाडाला अजून फूल यायचंय, पण येईल ते देवाच्या महिम्याचंच येईल, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

पहिली बोली बनुबाईनं केली. एकटी विधवा म्हातारी, दारात शोभंल म्हणाली. उद्या ही म्हातारी पोलिसांच्या जीपमध्ये बसलेली शॅरनला दिसायला लागली. तिनं झटकन वरची बोली केली. मनात एवढंच होतं, की झाड घरी न्यायचं आणि चुलीत घालायचं.

पण शॅरनचा आवाज ऐकून पहिल्या बाकावरची मान वळली. ही गांजावाली बाई आपल्यादेखत लिलावात बोली करते, हे बजरंगरावांच्या नाकाला झोंबलं. त्यांनी तिच्या दुप्पट बोली केली. शॅरन गप्प बसू शकली असती. तिथंच सुटली असती. पण तिला माइकवरचं ते हसू आठवलं, आराधनाचा प्रश्न आठवला, आणि तिनं पुन्हा बोली वाढवली. बजरंगरावांनी आणखी वाढवली. शॅरनकडं मशीनसाठी बाजूला ठेवलेले पैसे होते, तेवढेच. बजरंगराव थांबले असते तर मशीनही गेलं असतं आणि गांज्याचं झाड पदरात पडलं असतं. तरी तिनं एक शेवटची बोली केली. तिला मजा येत होती, हेही खरं सांगितलं पाहिजे.

बजरंगराव उभे राहिले आणि त्यांनी असा आकडा फेकला की इमॅन्युएल पुकारायचंच विसरला. टाळ्या पडल्या. पाळकसाहेबांनी झाडावर हात ठेवून आशीर्वाद मागितला. बजरंगरावांनी शॅरनकडं बघून मिशीवर बोट फिरवलं. तिनं मान खाली घातली, कारण तिला हसू आवरत नव्हतं.

झाड घरी कशाला न्यायचं, गावाला दिसलं पाहिजे. बजरंगरावांनी ते पंचायतीच्या दारात, 'नशामुक्त गाव'च्या फलकाशेजारी ठेवलं. रंगवलेल्या पिंपात बसवलं, पाटी लावली, 'सौजन्य, सरपंच'. तालुक्याहून पुरस्काराची पाहणी करायला साहेब आले तेव्हा त्यांना झाडाशेजारी उभं करून फोटो काढला. साहेबांनी एक पान तोडून चुरगाळलं आणि छान सुवास आहे म्हणाले. बन्सीची समिती तर रोज संध्याकाळी न चुकता झाडाला पाणी घालायला येऊ लागली. पोरं सुधारली, म्हणून बजरंगरावांना भरून आलं. झाड खालून विरळ होत चाललं होतं तिकडं त्यांचं लक्ष नव्हतं.

गावात कळलं नव्हतं असं समजू नका. अर्ध्या गावाला कळलं होतं. पण बोलायचं कुणी? बोलला की पहिला प्रश्न येणार, तुला रे कसं ठाऊक?

नोव्हेंबरची ग्रामसभा त्याच दारात मांडव टाकून भरली. पुरस्कार जाहीर व्हायचा होता, बजरंगराव फुलले होते. आभाराची भाषणं झाली आणि शॅरन उठली. गुरुजी शेजारी बसले होते. त्यांना तिनं आदल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं. ते संध्याकाळभर प्रार्थना करत बसले आणि शेवटी तू बोल, मी कुंडी आणली हेही मी सांगीन, म्हणाले. तिनं ग्रामसेविका निकिता मॅडमना मेमधला ठराव वाचायला सांगितला. मॅडमनी वाचला, नळकनेक्शन आणि पदाच्या कलमासकट. मग शॅरननं मेच्या सभेत पंचायतीनं ठेवून घेतलेलं बियांचं पाकीट कपाटातून मागवलं आणि ते झाडाला टेकवून ठेवलं. पाकिटावरचं पान आणि झाडाचं पान, एकाच आईची लेकरं.

बजरंगरावांनी आयुष्यात पहिल्यांदा पाकिटाची ती बाजू बघितली. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत उतरत धोतरापर्यंत गेला.

उपसरपंच सहादेवच्या तोंडाला पाणी सुटलं. तो ताडकन उठला आणि हे झाड गांज्याचं हाय, सरपंचांनी राजीनामा द्यावा, असं म्हणाला. बन्सीनं बसल्या जागेवरून विचारलं, की काका, तुमी एवढं पक्कं वळखलं कसं, उसात बघितलंय का? सहादेव उठला होता तसाच बसला.

मग सभेची जी काही तारांबळ उडाली ती बघण्यासारखी होती. जन्मभर चिलीम ओढलेली माणसं त्या झाडाकडं असं बघायला लागली, जसं काही चंद्रावरून पडलंय. एक म्हणाला शेवंती. दुसरा म्हणाला अंबाडीतला प्रकार. समितीच्या अध्यक्षानं, म्हणजे बन्सीनं, जबाबदारीनं सांगितलं की त्यानं हे असलं झाड जन्मात बघितलेलं नाही. बजरंगरावांना जरा श्वास आला. त्यांनी घाम पुसला आणि जाहीर केलं, की हे देवाच्या लिलावातलं पवित्र झाड आहे, विलायती झेंडू आहे, भांगेच्या जातीचं नाही. कुणाची हरकत?

कुणाचीच नव्हती. एवढं एकमत चांदगव्हाणात पाण्याच्या प्रश्नावरसुद्धा कधी झालं नव्हतं.

शॅरन शांतपणे म्हणाली, "मग तसा ठराव लिहा, मॅडम. या झाडाचं आन् पाकिटावरचं पान एकच हाय, आन् ते भांगेच्या जातीचं न्हाई."

बजरंगरावांना त्या घटकेला फक्त खुर्ची दिसत होती. लिहा, लिहा, म्हणाले. निकिता मॅडमनी लिहिलं, जरा जास्तच सुवाच्य अक्षरात. सगळ्यांनी घाईघाईनं सह्या केल्या, बन्सीनं सगळ्यांत आधी. सह्या झाल्यावर शॅरननं पदर खोचला.

"आता आईका. त्या पाकिटातलं बी त्या पानाच्या झाडाचं हाय. ते भांगेच्या जातीचं न्हाई, हे तुमीच लिहून दिलं. मग तुमचा मेमधला ठराव मला लागू न्हाई. माझा दाखला द्या. आन् मी गांजावाली न्हाई, हेबी त्यात लिहा. न्हाईतर आत्ताची सही खोडा, अण्णा, आन् राजीनामा द्या."

मागं बसलेली आराधना आईकडं टक लावून बघत होती. बजरंगरावांनी झाडाकडं बघितलं, पाकिटाकडं बघितलं, मेव्हण्याकडं बघितलं. मेव्हणा आभाळाकडं बघत होता. निकिता मॅडमनी दाखला आधीच तयार करून ठेवला होता, त्यांनी तो पेनासकट पुढं सरकवला. सही झाली, शिक्का बसला. गांजावालीबद्दलचं वाक्य मॅडमनी इतिवृत्तात घातलं आणि माइकवर मोठ्यानं वाचूनही दाखवलं. दुधवाला आणि वाणी पुढच्याच रांगेत होते.

पुढच्या दिवशी पिंपात नुसतं खोड उरलं होतं. समितीची पोरं त्या दिवशी दुपारपर्यंत उठली नाहीत आणि उठल्यावर उगाच हसत होती. बजरंगरावांच्या छातीवरचा दगड उतरला. पुढं पुरस्कारही आला. कमानीवर त्याची वेगळी पाटी लागली, अजून आहे.

मशीन सुरू झालं त्या आठवड्यात बजरंगराव स्कूटरवरून शॅरनच्या दारात आले. वीजजोड नीट लागला का, असं काहीबाही विचारलं. गुरुजींची तब्येत विचारली. मग आवाज उतरवून मुद्द्यावर आले.

"एक सांग. तुला तवा चर्चमधीच कळलं व्हतं ना? मग बोलली का न्हाईस?"

शॅरन बाटल्यांना झाकणं लावत होती. तिनं मान वर केली नाही.

"मी भल्या घरची हाय, अण्णा. मला ते झाड कसं वळखू येनार?"

बजरंगरावांनी खिशातून स्कूटरची किल्ली काढली. ते जायला निघाले तेव्हा तिनं पहिल्या घाण्यातली एक बाटली त्यांच्यापुढं धरली. त्यांनी आधी दोन्ही बाजूंना बघितलं, मग बाटली घेतली आणि स्कूटरच्या डिकीत टाकून वर रुमाल झाकला.